प्लास्टर काय फुकट येतं?

"पण ते पुतळे विकले केवढ्याला?" बडोद्याच्या दांडिया बाजारात जेवताना मामांनी विचारलं.

धाकटी बहीण फाइन आर्ट्सला. बिचारी रंगात येऊन सांगत होती: याच बडोद्यात १९८७ साली शिल्पकार के. पी. कृष्णकुमार आणि त्यांच्या डाव्या, बहुतेक मल्याळी मित्रांनी चित्रं-पुतळ्यांचं प्रदर्शन भरवलं, कलेच्या बाजाराविरुद्ध जाहीरनामा काढला. १९८९ मध्ये सदबीज या लिलाव कंपनीच्या मुंबईतल्या कलालिलावालाही विरोध केला.

"मामा, विकायचंच नव्हतं, हाच तर मुद्दा!"

"मग प्लास्टर काय फुकट येतं?"

ती गप्प. मी मात्र तिथेच अडकलो. मार्क्सने १८६७ मध्ये 'भांडवल' ग्रंथाची सुरुवात मालापासूनच, म्हणजे विकण्यासाठी बनवलेल्या वस्तूपासूनच, केली होती, आणि जन्मात लाल झेंड्याजवळ न फिरकलेल्या मामांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. आता तर ते बंडही प्रबंधांचा विषय झालंय. पण बाजार नको म्हणणाऱ्या कलाकाराचं पोट कशावर चालावं? सांगा बुवा कुणीतरी.