गंधकाच्या मागे मागे: इजेनच्या विवरापासून बामाच्या चिखलापर्यंत

गंधक आधी घशाला कळतो, डोळ्यांना नंतर. इंडोनेशियात, पूर्व जावातल्या कावाह इजेन या ज्वालामुखीच्या कड्यावर पहाटे तीनला उभी होते. विवरात मिट्ट काळोख होता, आणि मास्क लावूनही घशात काटे टोचल्यासारखं झालं. पायवाट सुरू होते त्या पाल्तुदिंगपासून तीन किलोमीटर चढून आल्याने दम लागला होताच, पण हे निराळं होतं. वारा फिरला तसा वाटाड्या ओरडला, "खाली बसा, पाठ फिरवा!" धुराचा लोट अंगावरून गेला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

विवरात उतरल्यावर निळ्या ज्वाळा दिसल्या. बरेच जण त्यांना निळा लाव्हा म्हणतात, पण तो लाव्हा नव्हे. भेगांतून वर येणारे तापलेले गंधकी वायू हवा लागताच पेट घेतात, त्याची ती ज्योत. उजाडलं की दिसेनाशी होते.

उजाडल्यावर माझं लक्ष पाईपांकडे गेलं. कामगारांनी हे लांब पाईप भेगांवर बसवले आहेत. आत वायू निवतो आणि दुसऱ्या टोकाने वितळलेला गंधक ठिबकतो, आधी लालसर, मग नारिंगी, शेवटी पिवळाधमक. एक ढेकूळ हातात घेतलं तर आतून बारीक तडतड ऐकू आली. कानाशी नेलं, तर खरंच! गंधकातून उष्णता फार सावकाश पसरते. तळहाताच्या उबेने बाहेरचा थर फुगतो, आतला थंडच राहतो, आणि ढेकळाला सूक्ष्म तडे जातात. हीच ढेकळं पहारीने फोडून, कावडीत भरून माणसं कड्यापर्यंत चढवतात. एका खेपेला ७० ते ९० किलो. माझ्यासमोर एकाने कावड टेकवली तेव्हा त्याच्या खांद्यावरचा जाड घट्टा दिसला. तोंडाला नुसता ओला फडका, आणि फडक्याने सल्फर डायऑक्साइड अडत नाही. गंधकाविषयी लिहायचं आणि हे खांदे वगळायचे, हे मला जमणार नाही.

शेजारचं तळं इतकं देखणं हिरवं-निळं आहे की त्यात हात घालावासा वाटतो. पण ते सल्फ्युरिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं तळं आहे. त्याचा सामू (pH) ०.५ च्याही खाली, म्हणजे बॅटरीतल्या आम्लाच्या जवळपास. खालून येणारे वायू पाण्यात विरघळत राहतात आणि तळं आंबट होत जातं. पाणी तिथेच अडून राहत नाही. डोंगराच्या पोटातून झिरपून ते बान्यूपाहित नदीत उतरतं. जावानीज भाषेत या नावाचा अर्थच 'कडू पाणी'. खालच्या सपाटीवर हेच पाणी शेतीला जातं आणि पुढे समुद्राला मिळतं.

हवेत गेलेल्या गंधकाची वाट वेगळी. इजेनसारख्या ठिकाणचा वायू खालच्या थरातच राहतो, त्याचं सल्फेट होतं आणि काही दिवसांत पावसाबरोबर जमिनीवर येतं. मुळं ते शोषतात, त्यातून प्रथिनं घडतात. माझ्या नखांत आणि केसांत असाच कधीतरी आलेला गंधक आहे. उद्रेक प्रचंड असेल तर मात्र वायू थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात पोचतो. तिथे पाऊस नाही, म्हणून गंधकाम्लाचे थेंब वर्ष-दोन वर्षं तरंगत राहतात आणि सूर्यप्रकाश परतवतात. इथून पूर्वेला, सुंबावा बेटावर १८१५ साली तांबोरा फुटला आणि १८१६ मध्ये युरोपात, उत्तर अमेरिकेत उन्हाळा आलाच नाही.

दुपारनंतर बालुरान राष्ट्रीय उद्यानातल्या बामा किनाऱ्यावर पोचले. ओहोटी होती. खारफुटीच्या मुळांपाशी काठी खुपसून बाहेर काढली, तर वरचा बोटभर चिखल तपकिरी आणि खालचा काजळासारखा काळा. कुजक्या अंड्यांचा वास आला. एका लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असतं. चिखलात ऑक्सिजन पोचत नाही, तिथले जिवाणू या सल्फेटवर श्वास घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. त्यातला काही चिखलातल्या लोहाला बिलगतो, हा काळा रंग त्याचाच. विवरात आगीने चालतं ते काम इथे डोळ्यांना न दिसणारे जीव करतात, तेही गार चिखलात. मला खरं सांगायचं तर याचं अप्रूप निळ्या ज्वाळांपेक्षा जास्त वाटलं.

संध्याकाळी वारा समुद्राकडून आला. आपण ज्याला 'समुद्राचा वास' म्हणतो त्यातही गंधक आहे. सूक्ष्म वनस्पती-प्लवकांनी बनवलेल्या द्रव्यातून डायमिथाइल सल्फाइड तयार होतो, हवेत त्याचं सल्फेट होतं आणि त्या कणांभोवती ढगांचे थेंब धरतात.

दुसऱ्या दिवशी सुराबायाला परतताना पाइतोनजवळ कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमण्या लागल्या. कोळसा म्हणजे जुन्या दलदलीच. तिथेही असंच काळं गंधकी लोह साचलं होतं. लाखो वर्षांनी वर यायचं ते आपण काही दशकांत जाळतो आहोत, आणि आज जगभरात माणसाच्या हातून हवेत जाणारा गंधक शांतपणे धुमसणाऱ्या ज्वालामुखींपेक्षा जास्त आहे. खिडकीची काच मी वर करून घेतली.

तेव्हा बोटातल्या अंगठीकडे लक्ष गेलं. चांदी काळी पडली होती, कडेला थोडी निळसर. हायड्रोजन सल्फाइड विवरातही होता आणि बामाच्या चिखलातही. त्यामुळे हा थर त्यातल्या कोणाचा, ते अंगठीवरून सांगता येत नाही.