आमच्याकडे कुणी दिव्यांग येतच नाही

संस्थाचालकांसमोर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यावर बोलायला गेलो की चहाच्या वेळी कुणीतरी जवळ येऊन विचारतंच, "सर, आमच्याकडे कुणी दिव्यांग येतच नाही. मग हा खर्च कशासाठी?" कुणाची पतसंस्था असते, कुणाचं वाचनालय. पै-पै जपून चालवलेलं. त्यांच्या काळजीचा मला राग येत नाही. आता तुम्हीही विचारलंत म्हणून माझ्या बँकेची गोष्ट सांगतो.

लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायाला आधार देणारा कॅलिपर आणि काखांत कुबड्या. आमच्या गावातल्या बँकेला पाच पायऱ्या होत्या, धरायला कठडा नव्हता. पहिल्यांदा गेलो तेव्हा शिपायाने उचलून आत नेलं, अगदी मायेनं. पण आपलेच पैसे काढायला दर महिन्याला चारचौघांत दुसऱ्याच्या हातांवरून जायचं, हे मला सोसेना. पासबुक धाकट्या भावाकडे दिलं. तेरा वर्षं माझे व्यवहार त्यानेच केले. त्या काळात शाखेत कुणालाही विचारलं असतंत, तर इथे कुणी दिव्यांग येत नाही, हेच उत्तर मिळालं असतं.

नंतर तिथे रॅम्प झाला. गुळगुळीत ग्रॅनाइटचा आणि जेमतेम चार पावलांचा. एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी लागते. पाच पायऱ्यांची उंची अडीच फूट धरली तर रॅम्प तीस फुटांचा हवा. पावसाळ्यात कुबडीच्या टोकाचं रबर त्या दगडावर ठरतच नाही. बांधण्याआधी मला नुसती हाक मारली असती तरी चाललं असतं.

आणि कुणी येत नाही, हेही पुरतं खरं नाही. 1995च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, आता 21 आहेत. त्यात थॅलेसेमिया आहे, मानसिक आजार आहे, वाचन-लेखनाची अक्षमता आहे. तुमच्या हिशेब खात्यातला मुलगा त्यांतला असेल आणि नोकरीच्या भीतीने बोलत नसेल. म्हणून तर कायद्याने खाजगी आस्थापनांनाही समान संधी धोरण, म्हणजे दिव्यांगांना कोणत्या सोयी देणार ते, लिहून जाहीर करायला लावलं आहे. ते धोरण नोटीस बोर्डावर दिसलं की अशा मुलाला तोंड उघडायचा धीर येतो.

या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे वाजवी सोय: त्या माणसाची अडचण दूर करणारा, संस्थेला झेपेल असा बदल. ती माणसागणिक वेगळी असते. लिहिताना हात आखडणाऱ्या एका यूपीएससी उमेदवाराला 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने लेखनिक मिळवून दिला. लेखनिकासाठी 40 टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही, असं न्यायालयाने बजावलं. नोव्हेंबर 2024मध्ये त्याच न्यायालयाने सरकारला सांगितलं, की सुगम्यतेचे, म्हणजे इमारती आणि सेवा दिव्यांगांना वापरता याव्यात यासाठीचे, नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, बंधनकारक किमान निकष करा.

मागे एका वाचनालयाने वर्तमानपत्रांचं टेबल माडीवरून खाली आणलं. खर्च दोघांच्या अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा. पंधरा दिवसांनी ग्रंथपालताईंचा फोन आला. मागच्याच गल्लीत वीस वर्षं राहणारे एक काका आता व्हीलचेअरवरून रोज येतात, पण त्यांचे गुडघे टेबलाला अडतात. "टेबल किती उंच करू, सर?"

म्हटलं, "ताई, काका समोरच बसलेत ना? त्यांनाच विचारा."