तुरटाची बाजू

मे महिन्यातल्या दुपारी वेंगुर्ल्यात माणूस सहसा ओटीवर आडवा होतो आणि उन्हे कलेपर्यंत कसलाही विचार करीत नाही. परंतु त्या दुपारी बोटीवरून सुट्टीला आलेल्या भावोजींनी लाल वाइनच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी आणून ठेवल्या आणि माझे लक्ष त्यांच्या खांद्यांकडे गेले. एकीचे खांदे ताठ व उंच होते, दुसरीचे मानेपासून हळूहळू उतरत गेलेले. ताठ खांद्यांची ती बोर्दो, उतरत्या खांद्यांची ती बर्गंडी, असे भावोजींनी सांगितले. फ्रान्सच्या या दोन प्रांतांचे पिंपाच्या मापावरही एकमत नाही. बोर्दोचे पारंपरिक पिंप 225 लिटरचे आणि बर्गंडीचे 228 लिटरचे. त्या तीन लिटरांसाठी दोघांनीही आपला हट्ट सोडलेला नाही, हे वाचल्यापासून मला ते लोक एकदम ओळखीचे वाटू लागले आहेत.

बाटली उघडण्याआधी ती थंड करावी की नाही यावर थोडी चर्चा झाली. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असा नियम सांगतात, पण तो नियम करणाऱ्यांची खोली सोळा ते अठरा अंशांची होती. आमच्या खोलीत पंखा चालू असतानाही तेहतीस अंश होते. इतक्या उष्णतेत वाइनमधले मद्य तेवढे नाकात चढते आणि बाकीचे सगळे मागे पडते. उलट फार गार केली तर तुरटपणा अधिक टोचतो. म्हणून दोन्ही बाटल्या थोडा वेळ फ्रीजमध्ये, कैरीच्या पन्ह्याशेजारी ठेवल्या.

पेल्यात ओतल्यावरच दोघींचे स्वभाव दिसू लागले. बर्गंडीच्या पेल्यामागे धरलेल्या वर्तमानपत्राचा मथळा मला वाचता आला, बोर्दोच्या पेल्यामागचा नाही. बर्गंडीची लाल वाइन बहुतांशी एकट्या पिनो न्वार जातीच्या द्राक्षांची असते आणि या द्राक्षाची साल पातळ असते. बोर्दोत मात्र कॅबरने सोव्हिन्यॉन, मेर्लो आणि त्यांचे एकदोन सोबती यांचे मिश्रण करतात. अटलांटिकच्या किनाऱ्याजवळच्या त्या हवेचा भरवसा नसतो. एखाद्या साली उशिरा पिकणारे कॅबरने दगा देते, तेव्हा लवकर पिकणारे मेर्लो सांभाळून घेते. कॅबरनेचा दाणा लहान, साल जाड आणि गराच्या मानाने बियांचा वाटा मोठा. रंग आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारे द्रव्य, येते ते मुख्यतः साल आणि बिया यांमधून. त्यामुळे दोन वाइनींमधला निम्मा फरक द्राक्षाच्या सालीतच ठरून गेलेला असतो.

पिनोचा पहिला घोट जिभेच्या कडांना लागला. आंबट, हलका, लाल फळांच्या वासाचा आणि गिळल्यानंतरही तोंडाला पाणी सुटत राहील असा. या वाइनीचा कणा आंबटपणाचा आहे. बोर्दोचा घोट मात्र जिभेवर फारसा रेंगाळलाच नाही, तो थेट हिरड्यांवर आणि गालांच्या आतल्या बाजूला जाऊन बसला. तोंड कोरडे पडले, ओठ दातांना चिकटले आणि मला एकदम काजूचे बोंडू आठवले.

आमच्या परसात काजूची चार झाडे होती आणि एप्रिलमध्ये त्यांखाली लाल-पिवळ्या बोंडांचा सडा पडे. बी पिळून काढून टोपलीत टाकायची हे आम्हा मुलांचे काम. त्यात बोंडू खाण्याची परवानगी नव्हती, कारण रसाचा डाग सदऱ्यावर पडला की तो सदऱ्याबरोबरच संपायचा. आजी पडवीतून ओरडायची, "बोंडा खाव नको रे, घसो धरतलो!" आम्ही मिठाची पुडी खिशातूनच नेत असू. बोंडाच्या चकत्या करून त्यांना मीठ चोळायचे, रस सुटू द्यायचा आणि मग एकेक चकती गालात धरायची. आधी गोड रसाचा लोट, पाठोपाठ जीभ खरखरीत, आणि शेवटी घसा असा धरायचा की नाव विचारले तरी सांगता येऊ नये. तरीही पुढच्या बोंडाकडे हात जाई. तो खरखरीतपणा नसता तर नुसत्या गोडासाठी मार खाण्याइतके आम्ही खुळे नव्हतो.

टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि गालाला जीभ घासू लागते, इतकाच हा प्रकार. बोंडातही तेच, बोर्दोतही तेच. पाश्चात्त्य शरीरशास्त्रज्ञ यातला बराचसा भाग चवीत न धरता स्पर्शात धरतात. आपल्याकडे मात्र षड्रसांत कषाय रसाला मधुराच्या बरोबरीने पान मांडलेले आहे. मला आपला हिशेब पटतो. हल्ली जो तो वाइन "स्मूद" हवी म्हणतो, तेव्हा मला उगीचच राग येतो. तुरटपणा काढून टाकायचा तर बोर्दो प्यायची तरी कशाला? तो वर्षांनुवर्षे बाटलीत मुरून, टॅनिनचे कण एकमेकांना जोडले जाऊन आपोआप मवाळ होत जावा, यातच तर तिची प्रतिष्ठा आहे.

वासाच्या बाबतीत मात्र मी पिनोला झुकते माप देतो. बर्गंडीच्या वर्णनात ओल्या पाचोळ्याचा उल्लेख येतो आणि पहिल्या पावसानंतर पोफळीच्या बागेत गेलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. बोर्दोसाठी ब्लॅककरंट म्हणतात, जे फळ मी कधी झाडावर पाहिलेले नाही. मला त्यात ढोबळी मिरची आली. भावोजी हसले, पण त्यात हसण्यासारखे काही नव्हते. पायराझिन नावाचे जे द्रव्य ढोबळी मिरचीला तिचा वास देते, तेच कॅबरनेत असते आणि द्राक्ष नीट पिकले नाही तर अधिक जाणवते. कॅबरने फ्रान्क आणि पांढरे सोव्हिन्यॉन ब्लांक ही दोन द्राक्षे कॅबरने सोव्हिन्यॉनचे आईबाप आहेत, हे 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय तपासणीत सिद्ध झाले, आणि हा हिरवा वास त्या दोघांच्याही घरचाच आहे.

संध्याकाळी बांगडे आले. तळलेल्या बांगड्याबरोबर पिनो सुखाने गेली. बोर्दोचा घोट घेतला आणि तोंडात जुनी खिळी चोखल्यासारखी चव पसरली. माशाबरोबर लाल वाइन बिघडते याचे खापर नेहमी टॅनिनवर फोडतात, परंतु जपानमधल्या एका वाइन कंपनीच्या संशोधकांनी 2009 मध्ये वाइनमधल्या लोहाच्या अंशाकडे बोट दाखवले. लोहाचे प्रमाण बाटलीगणिक बदलते, तेव्हा दोष बोर्दोचा की त्या एका बाटलीचा हे सांगणे कठीण. मटणाबरोबर तिचे चांगले जमते, हे मात्र सर्वमान्य आहे, कारण तिथे टॅनिनला धरायला लाळेखेरीज दुसरेही काही मिळते.

बोर्दोची आणखी एक बाटली कपाटात आहे. ती दहा वर्षे मुरू द्यावी, असे भावोजींचे मत. त्यासाठी बारा-तेरा अंशांची अंधारी जागा लागते आणि आमच्या घरात तेवढी गार जागा विहिरीतही नाही. शिवाय जूनपासून मासेमारी बंद राहणार असल्याने घरात मटण आणि कोंबडीच शिजेल. आषाढ उलटून श्रावण लागला की तेही बंद. तेव्हा जे काही मुरायचे ते तिने तेवढ्या मुदतीत मुरून घ्यावे.