मूठ धान्य आणि हंगामाचा सण

नाशिकच्या शरणपूर रोडच्या आसपासच्या ख्रिस्ती मंडळीत हंगामाचा सण, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याचा सण, म्हटलं की आधी लिलाव आठवतो. उपासना संपली की वेदीपुढचे भोपळे, नारळ, कांदे, अंड्यांची टोपली अंगणात यायची आणि बोली सुरू व्हायची. घेतलेला भोपळा घेणारा तिथंच परत अर्पण करी, म्हणून एकच भोपळा दोन-तीनदा विकला जाई. एकीनं नाव लिहायचं, दुसरीनं रक्कम, आणि पैसे जागच्या जागी, हा महिला मंडळाचा नियम. ‘उद्या देतो’ म्हटलेली बोली हमखास विसरली जाते. सुरुवातही बाजारभावानं करायची नाही, नाहीतर चार अंडी आणणाऱ्या बाईला ओशाळल्यासारखं होतं.

सणाचा खरा जीव मात्र मूठ धान्यात होता. रोज स्वयंपाकाला तांदूळ काढताना त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. मुठीत 40-50 ग्रॅम बसतात, म्हणजे घरटी महिन्याला सव्वा ते दीड किलो. शेताच्या कडा कापू नका, द्राक्षमळ्यात गळलेली फळं गरिबाला आणि परक्याला राहू द्या, असं बायबलच्या लेवीय पुस्तकात, 19 व्या अध्यायात आहे. ज्याच्याकडे मळा नाही, त्यानं कडा कुठली सोडायची? त्याची कड म्हणजे हा डबा.

आणि परका इथं खरोखर आला होता. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रज मिशनच्या शरणपुरात गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकन मुलं शिकली, सुतारकाम-लोहारकामासारखे हातचे धंदेही शिकली. त्यांतला जेकब वेनराइट 1874 मध्ये आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या पार्थिवासोबत इंग्लंडला पोचला.

डब्याचं दुखणं पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर जाळी धरते, पोरकिडे होतात. कडुलिंबाचा पाला घालायचा तो कडकडीत वाळलेला. ओलसर राहिला तर बुरशी येते. बोरिक पावडर लावलेलं धान्य मंडळ घ्यायचंच नाही, कारण ते कुणाच्या घरी जाईल आणि किती धुतलं जाईल, सांगता येत नाही. म्हणून डबे दर महिन्याला रिकामे करून घेणं बरं, वर्षाची वाट बघू नये.

दुसरी अडचण मिसळीची. इगतपुरीकडचा नवा इंद्रायणी आणि जुना कोलम एकत्र शिजवले की एक गिचका होतो, दुसरा कच्चा राहतो. म्हणून गोळा करताना नवा-जुना अशी दोनच पोती ठेवायची. तरीही जे मिसळलं, त्याची सणाच्या जेवणाला खिचडी: 5 किलो तांदळाला 2 किलो मूगडाळ, पाणी थोडं जास्त. साठ-सत्तर माणसं पोटभर जेवत.

गरजू घरांसाठी निवडलेल्या तांदळाच्या 5 किलोच्या पिशव्या, सोबत किलोभर तूरडाळ आणि तेलाची पिशवी. पिशवीवर मंडळाचं नाव नाही, फोटो नाही. दान गुप्तपणे करा, ही बायबलमधली मत्तय 6 ची आज्ञा इथं अक्षरशः पाळली जाई. अंधार पडल्यावर दोघीजणी घरोघर जात. दोघीच, कारण चारजणी गेल्या की गल्लीला कळतं. घर कुठल्या धर्माचं, हे यादीत लिहिलेलं नसे. आजारपण, गेलेली नोकरी, बाळंतीण, एवढंच लिहिलेलं. आणि त्याच रात्री रिकामे डबे धुऊन, पुसून, दुसऱ्या दिवशीच्या उन्हासाठी ओट्यावर उपडे घातले जात.