हिरव्या नकाशावरचं हेलिकॉप्टर

मी निपाणी भागात उसावर ड्रोननं फवारणी करतो. २०२४ च्या लोकसभेची धामधूम चालली होती. वेदगंगेकाठच्या एका मामांच्या रानात खोडकिडीचं औषध मारत होतो. सकाळी नेहमीसारखा ‘डिजिटल स्काय’चा, म्हणजे ड्रोन कुठं उडवता येतं ते दाखवणारा सरकारी नकाशा उघडला, तर सगळं हिरवंगार. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत कुणाची परवानगी लागत नाही, आणि आमचं काम तर उसाच्या शेंड्यावर दहा फुटांत. कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ लांब, बेळगावचं सांबरा विमानतळ त्याहून लांब.

एकीकडं जनरेटर, दुसरीकडं पंख्यांची घरघर. हेलिकॉप्टर मला ऐकूच आलं नाही. जोडीदार पोरगा हात हलवून ओरडायला लागला तेव्हा मान वर केली. दोन रानं पलीकडं हायस्कूलच्या पटांगणावर चुन्यानं ‘एच’ काढला होता, कुणा पुढाऱ्याची सभा होती. मी पंप बंद केला आणि निम्म्या भरल्या टाकीसकट ड्रोन बांधावर टेकवलं.

तेवढ्यात देवळामागच्या टेकाडावरून एक पांढरं, तळहाताएवढं ड्रोन वर चढलं. लग्नाची शूटिंग करणारा आमच्याच ओळखीचा पोरगा. बांधावरून पळत सुटलो.

“खाली घे रं आधी ते!”

“आण्णा, साठ मीटरच हाय की. लिमिटमध्येच हाय.”

साठ मीटर, पण टेकाडावरून. स्क्रीनवरचा आकडा उडवलं त्या जागेपासून मोजतात, पटांगणापासून नव्हे. आणि लिमिटचं काय घेऊन बसलात? खाली ड्रोन, वर विमान, ही वाटणी विमानांपुरती ठीक. उतरणारं हेलिकॉप्टर त्याच ४०० फुटांतून खाली येतं.

पटांगणाच्या तोंडाशी आलेलं हेलिकॉप्टर परत उचललं आणि गावाला वळसा घालून आलं. ड्रोन बघून की पुढं घुसलेली गर्दी बघून, ते पायलटलाच ठाऊक. पाव किलोच्या आतलं ते खेळणं त्याला दिसलं असेल, असं मला तरी वाटत नाही. पोरानं ते खाली घेतलं, पण तोंड वाकडं करून. पाव किलोच्या आत लायसन लागत नाही, हे त्याला पक्कं माहीत. माणसं बसलेल्या विमानाला वाट सोडायची हा नियम मात्र सगळ्यांनाच आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला छोट्या ड्रोननं भोक पाडलं, त्या बातमीचा फोटो मी त्यालाच पहिल्यांदा धाडला.

परत रानात आलो तर कॉन्स्टेबल माझ्याच ड्रोनपाशी उभे. “इदु यार्दु री?” हे कुणाचं, असं कानडीत विचारलं. मोठं दिसतंय ना, मग गुन्हेगार तेच! नोंदणी क्रमांक दाखवला, पायलटचं सर्टिफिकेट दाखवलं, सकाळचा नकाशा दाखवला. नकाशा बघून साहेबही गप्प झाले. २०२१ च्या ड्रोन नियमांत ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन, म्हणजे परवानगीशिवाय ड्रोनबंदी, लावायची सोय आहे, जिल्ह्याचे एसपीसुद्धा तो लावू शकतात. तो त्या दिवशी लागला असता, तर मी मामांना दुसरी तारीख दिली असती.

मामांचं वेगळंच. “ते गेलं न्हवं आता? मग राहिलेलं मारून टाक की.” पण तोवर वारं सुटलं होतं, औषध शेजारच्या भाजीपाल्यावर गेलं असतं. उरलेलं दुसऱ्या दिवशी मारलं, स्टेशनला फोन लावून.