फौजीच्या गोळ्या कुणाकुणाला कळाव्यात?

मिरजेत मेडिकल चालवत असाल तर सुट्टीवर आलेला फौजी दुकानात शिरल्या शिरल्या ओळखू येतो. केसांचा कट, ताठ चालणं वगैरे आहेच, पण खरी खूण म्हणजे तो गोळ्या एकदम तीन-चार महिन्यांच्या मागतो आणि वर बिलावर नाव टाकू नका म्हणतो. बीपीच्या, शुगरच्या, कधीकधी झोपेच्या आणि डिप्रेशनच्या पण. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पार तिकडं खटाव-माणमधनं पण येतात. मिरज म्हणजे दवाखान्यांचंच गाव, 1894 साली वानलेस डॉक्टरांनी मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासनं कुठनं कुठनं पेशंट यायची सवय लागलेली, त्यामुळं इथं कोण कुठल्या डॉक्टरच्या जिन्यावर चढला ह्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. फौजीला तेच पाहिजे असतं.

आता मला सांगा, फौजेत डॉक्टर फुकट, औषध फुकट, पुण्यात कमांड हॉस्पिटलसारखं मोठं हॉस्पिटल, आणि तरी हा गडी ॲन्युअल लीव्हच्या 60 दिवसांतले दिवस काढून स्वतःच्या खिशातनं पैसे घालून बीपीच्या गोळ्या का घेतोय? कॅटेगरीच्या भीतीनं, दुसरं काय.

ज्यांच्या घरात कोण फौजेत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आर्मीत तब्येत मोजतात ती 'शेप'वर. एस म्हणजे मन, एच कान, ए हातपाय, पी शरीराची एकूण ताकद, ई डोळे. सगळ्यात एक नंबर असला की शेप वन, म्हणजे टकाटक. एखाद्यात दोन नाहीतर तीन आला की लो मेडिकल कॅटेगरी, आपल्याकडं नुसतं 'कॅटेगरी लागली' म्हणतात. आणि एकदा लागली की प्रमोशन, एक्स्टेन्शन, पेन्शनीला आल्यावर डीएससीची (डिफेन्स सिक्युरिटी कोअर, माजी फौजींना परत घेणारं सुरक्षा दल) भरती, कुठं ना कुठं ती आडवी येते. अग्निवीरांचं तर आणखीनच अवघड, 2022 पासनं चार वर्षांची नोकरी आणि त्यातले जास्तीत जास्त 25 टक्के पुढं घेणार, असल्या पोराचं डोकं महिनाभर ठणकत असलं तरी तो सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून पलटणीच्या डॉक्टरपुढं, जाईल का? मी तर नसतो गेलो.

बरं कॅटेगरी ही डॉक्टर आणि पेशंट ह्या दोघांतच राहते असं पण नाही. पलटणीचा डॉक्टर, आरएमओ, तो शेवटी त्याच पलटणीत, त्याच सीओ साहेबांच्या, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या, हाताखाली. मेडिकल बोर्डाच्या (कॅटेगरी ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाच्या) फॉर्ममध्ये एक भाग सीओनं भरायचा असतो. मनाच्या आजाराची केस असली तर माणसाच्या वागणुकीचा वेगळा रिपोर्ट युनिटकडनं जातो, एएफएमएसएफ-10 म्हणतात त्याला. मग पार्ट टू ऑर्डर, म्हणजे रेकॉर्डला नोंद करायचा युनिटचा कागद, निघते, ती टाईप करणारा क्लार्क वेगळा, रेकॉर्ड ऑफिसला (मराठा लाईट इन्फंट्री असली तर बेळगावला) चढवणारा वेगळा, आणि त्यातला एखादा आपल्याच तालुक्यातला निघाला की मग बघायलाच नको, फौजीच्या आधी त्याची बातमी गावात.

एक हवालदार यायचा (आपण सगळ्यांनाच मेजर म्हणतो, ते सोडा). चिठ्ठी रीतसर होती, एस्सिटालोप्रॅम, म्हणजे डिप्रेशनची गोळी, तीन महिन्यांची. गोळ्या दिल्या तर म्हणला, "दादा, पाकिटातनं काढून एका डबीत भरून द्या की."

म्हणलं, "अहो मेजर, दमट हवेत खराब होतील, एक्सपायरी पण कळायची नाही."

"बॅरेकमध्ये पेटी उघडी राहिली की कुणीतरी पाकीट बघतंय आणि नाव मोबाईलवर टाकतंय. व्हिटॅमिनची मोकळी डबी आहे का एखादी?"

मी काय फोडून दिल्या नाहीत. डबी तेवढी दिली. तो पायरीवर बसला, एकेक गोळी अंगठ्यानं दाबून डबीत टाकत गेला, मध्येच एक खाली पडली ती पुसून ठेवली, आणि सगळं झाल्यावर फॉईलचा चुरा गोळा करून पँटच्या खिशात घातला. माझ्या दुकानाच्या कचऱ्याच्या डब्यात पण टाकला नाही. सरहद्दीवर उभा राहणारा माणूस आणि भीती कुणाची तर शेजारच्या खाटेवरच्या दोस्ताची.

गंमत अशी की झोपेच्या काही गोळ्या शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत, येतात, त्याचं आम्हाला वेगळं रजिस्टर ठेवायला लागतं, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. म्हणजे बिलावर नाव नको म्हणून उपयोग नाही. सीओला कळणार नाही पण ड्रग इन्स्पेक्टरनं मागितलं तर मला दाखवायला लागतंय.

आता दुसरी बाजू. आमचे दाजी सुभेदार म्हणून रिटायर झाले, साताऱ्याजवळ असतात. कुणाचं नाव गाव न घेता त्यांच्यापुढं हा विषय काढला तर भडकलेच. "रात्री दोन वाजता भरलेली रायफल घेऊन माझ्या गार्डवर उभा राहणारा पोरगा काय खातोय ते मला नको कळाय? उद्या त्यानं स्वतःला नाहीतर दुसऱ्याला घातली गोळी, तर कोर्ट ऑफ इन्क्वायरीत उभं कोण राहणार, तुझा डॉक्टर?" आणि उंचीचं पण त्यांनीच सांगितलं. 9,000 फुटांच्या वर हाय अल्टिट्यूड धरतात, तिथं हवा पातळ, अंगावर ओझं, बीपी लपवून वर गेलेला माणूस कोसळला तर त्याला खाली आणायला चार जणांचा जीव पणाला. हे सगळं खरं आहे, ह्यात दाजींचं काय चुकत नाही.

पण माझं म्हणणं एवढंच की सीओला कळायला पाहिजे ते 'हा माणूस काय करू शकत नाही', 'ह्याला काय झालंय' ते नाही. ह्या दोन गोष्टींची आपल्याकडं सरमिसळ झालेली आहे. वर पाठवू नका, रात्रीची ड्युटी नको, गाडी देऊ नका, सध्या हत्यार नको, सहा महिन्यांनी परत तपासा. बस. एवढ्यावर कंपनी चालते. आणि हे काय मी नवीन काढलेलं नाही, आर्मीत कॅटेगरीसोबत 'कोप' नावाचं कोडिंग असतंच, कुठल्या हवामानात नको, किती देखरेख लागेल, किती अंगमेहनत चालेल, आणखी कसली खास बंदी, ते त्यात येतं. म्हणजे आजाराचं नाव न घेता काम भागवायची सोय कागदावर आहे. मग निदान, औषधांची नावं, डॉक्टरपुढं बायकोच्या भांडणाबद्दल काय बोलला, हे सगळं ऑफिसच्या टेबलावरनं फिरायची काय गरज?

दाजी म्हणले, "हत्यार नको असं लिहिलं की सगळ्या कंपनीला समजतंय कशाचं ते." हे पण बरोबर. त्याला माझ्याकडं उत्तर नाही. पण लोकांनी अंदाज बांधणं वेगळं आणि क्लार्कनं फाईल उघडून वाचणं वेगळं.

कायद्याचं म्हणाल तर 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. फौजींच्या बाबतीत घटनेचं कलम 33 आहे, संसद कायदा करून त्यांचे हक्क कमी करू शकते. मग 1950 च्या आर्मी ॲक्टचं कलम 21 वाचलं तर त्यात युनियन, राजकीय सभा, पेपरवाल्यांशी बोलणं ह्याच्यावर बंधनं आहेत, आजारपणाच्या कागदांबद्दल तिथं एक शब्द नाही. 2017 च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टचं कलम 23 तर मनाच्या आजाराची माहिती गुप्त ठेवा असं स्पष्टच म्हणतं, फक्त कुणाच्या जिवाला धोका असेल, सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असेल अशा वेळी सूट. आता फौजेत सगळंच सुरक्षेत बसवता येतं हो. आणि लोकांची खाजगी माहिती जपायच्या 2023 च्या डेटा कायद्यात देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन केंद्र सरकार आपल्या एखाद्या संस्थेला कायद्याबाहेरच ठेवू शकतं.

अमेरिकेत पण कमांडरला आजाराची माहिती द्यायला त्यांच्या हिपा कायद्यात (पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा कायदा) वाट आहे, पण ती परवानगी आहे, सक्ती नाही. 2011 ला त्यांच्या संरक्षण खात्यानं उलटं धोरण लिहिलं, मानसिक उपचाराला कोण गेला तर कमांडरला कळवायचं नाही हेच गृहीत धरायचं, कळवायचं ते ठरलेल्या कारणांपुरतं, स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका, मोहिमेला धोका, ॲडमिट केलंय असल्या वेळी, आणि तेव्हा पण कमीत कमी माहिती. नंतर 2021 च्या डिसेंबरात ब्रँडन ॲक्ट आला, 2018 मध्ये आत्महत्या केलेल्या एका नौसैनिकाच्या नावानं. कारण न सांगता सैनिक मानसिक तपासणी मागू शकतो. आपल्याकडं असलं एखादं पान निघालं तर माझं त्या गोळ्यांचं गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे.

आणि ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते राहिलंच. लपवून घेतलेल्या गोळ्या पुढं फौजीलाच नडतात. एकजण वर्षानुवर्षं मिरजेतनं बीपीची गोळी न्यायचा, युनिटला पत्ता नाही, शेप वनवर घरी आला आणि मग लकवा. आता डिसॅबिलिटी पेन्शनचे कागद घेऊन फिरतोय. सुप्रीम कोर्टानं 2013 च्या धरमवीर सिंगच्या निकालात सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि पुढं त्या आजारानं माणसाला घरी पाठवलं तर तो नोकरीमुळंच झाला असं धरायचं, नाही म्हणायचं असलं तर फौजेनं सिद्ध करायचं. निकाल सोन्यासारखा. पण ह्याचा आजार नोकरीत असताना झाला हे दाखवणारा आर्मीचा एक पण कागद नाही, कारण ह्यानंच तो होऊ दिला नाही. उलट 26 सप्टेंबर 2023 चा निकाल बघा, 2002 च्या ऑपरेशन पराक्रमच्या वेळी सांबाच्या मिलिटरी हॉस्पिटलात रक्त चढवल्यानं एचआयव्ही झालेल्या हवाईदलाच्या माजी जवानाला सुप्रीम कोर्टानं दीड कोटीच्या वर भरपाई दिली. स्वतःचेच कागद मिळवायला त्याला झगडायला लागलं, पण शेवटी मेडिकल बोर्डाचा कागदच त्याच्या बाजूनं उभा राहिला. म्हणजे साहेबाला फाईल सहज, आणि ज्याची फाईल त्याला अर्ज-विनंत्या.

त्यामुळं मी आता काउंटरवर प्रत्येक मेजरला सांगतो, बिल नावानंच घ्या, पाहिजे तर घरी बायकोकडं ठेवा, बोर्ड झालं असलं तर त्याची कॉपी मागून घ्या, आणि बाहेर ॲडमिट झाला असाल तर तिथल्या केसपेपरची झेरॉक्स लगेच मागा. डॉक्टरांच्या 2002 च्या नियमांप्रमाणं मागितल्यापासनं 72 तासांत द्यायला लागते, पण ॲडमिट पेशंटचे कागद तीनच वर्षं ठेवायचं बंधन आहे, पेन्शनीला आल्यावर मागायला गेलात तर रद्दीत गेलेले असतील.