खुकरी १:२०० – डेक चिकटवायचा थांबवलाय

आयएनएस खुकरी या भारतीय युद्धनौकेचं लाकडी मॉडेल करतोय, मूळ जहाजाच्या दोनशेव्या भागाएवढं. हल, म्हणजे जहाजाचं धड, एकदाचा उभा राहिला. सहा एमएमचे सहा थर, आतून पोकळ. लाकूड तुणाचं, मिरजेच्या सतारमेकर गल्लीतलं, सतारी-तंबोऱ्यांच्या कामातून उरलेले तुकडे. "जहाज? सांगलीत?" एवढंच विचारून तिथल्या काकांनी पैसे नाकारले.

जुलैत दणका बसला. पावसाळी हवा, फेविकॉल ओला आणि मी घाईघाईत क्लॅम्प काढले. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, डावीकडे तीन एमएम कलली. तीन एमएम म्हणजे खऱ्या जहाजावर साठ सेंटिमीटर! वरचे दोन थर उखडून पुन्हा केले. आता लांबी (पुट्टी) भरून पॉलिश पेपर मारलाय, बोट फिरवलं तर सांधा लागत नाही.

मूळ जहाज ९४.५ मीटर, म्हणून मॉडेल ४७ सेंटिमीटर, रुंदी पाच. ब्लॅकवुड वर्गातली फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका), एकच फनेल म्हणजे धुराडं, एकच प्रोपेलर. फोटो शोधताना जपा, १९८९ साली नौदलात आलेली कॉर्व्हेट, म्हणजे लहान युद्धनौका, तीही खुकरीच. निम्मे फोटो तिचे निघतात. दीवच्या स्मारकात काचेआड मॉडेल आहे, तिथे मी चाळीसेक फोटो काढले. काचेत समुद्रच जास्त उमटला.

लिम्बो मॉर्टर मात्र मनासारखे झाले. दोन मॉर्टर, प्रत्येकी तीन नळ्या, सोळा गेजच्या सुईचे तुकडे कापून. पाणबुडीवर मारायचं हे हत्यार, आणि पल्ला जेमतेम नऊशे मीटर. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ खुकरी पाणबुडीच्याच शोधात होती. हंगोर या पाकिस्तानी पाणबुडीचा टॉर्पेडो बसला आणि काही मिनिटांत जहाज गेलं. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक गेले.

आता अडलंय ते माणसांपाशी. या स्केलला माणूस साडेआठ एमएमचा. वायरमधली तांब्याची तार दुमडायची, डोक्याला सोल्डरचा थेंब. १९४ जण डोक्याला पाय लावून ओळीत ठेवले तर १ मीटर ६५ सेंटिमीटर होतात, जहाजाच्या साडेतीनपट. डेकवर एवढे मांडले तर एसटी स्टँड दिसेल. शिवाय त्या रात्री कित्येक जण खालीच अडकले.

म्हणून ठरवलं: खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथे), लाइफ जॅकेटशिवाय, स्वतःचं त्यांनी एका नौसैनिकाला दिलं होतं. बाकीचे १९३ हलच्या पोटात, आणि वरून डेक बंद. कुणाला दिसणार नाहीत. "मग करतोस कशाला?" असं घरातून दोनदा विचारून झालंय. मॉडेलच्या स्पर्धेत याला एक मार्क मिळणार नाही, हेही कळतं.

४१ झालेत. जेवणानंतर बसलो की रात्रीत सहा-सात होतात, त्यापुढे डोळे चालत नाहीत. रेलिंग आणि रंग नंतर बघू.